काचेची डावी कड

सकाळी रेकॉर्डच्या खोलीत शिरले तर रेकॉर्डवाला माझे ठिपके पुसत बसला होता. एका हातात काच, दुसऱ्या हातात स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस, आणि तोंडाने कसलंतरी जुनं गाणं. काच उचलायची, उजेडासमोर धरायची, कापूस फिरवायचा, पुन्हा उजेडासमोर धरायची. शेजारी वापरलेल्या बोळ्यांचा ढीग, सगळे निळे. ती निळी शाई माझी होती. सव्वीस वर्षं मी एकाच निळ्या शाईने काचांवर ठिपके देत आले, आणि ते पुसलेही जाऊ शकतात हे मला त्या दिवशी नऊ वाजून दहा मिनिटांनी, हातात डब्याची पिशवी असताना, पहिल्यांदा कळलं. मी दारातच उभी राहिले. त्याला वाटलं मला जुना रिपोर्ट हवाय.

"हे काय चालवलंय?" मी विचारलं.

"तुमच्या ठिपकीबाईंचा हुकूम आहे, ताई. चार हजार काचा. आज-उद्यात लख्ख करून द्यायच्यात."

"माझ्या कशाला म्हणता त्यांना?"

"मग कोणाच्या म्हणू?" तो हसला. "घाबरू नका, ठिपक्यांसकट फोटो आधीच काढून ठेवलेत. पण ठिपका दिसला की मशीन पेशी बघतच नाही म्हणे. ठिपका बघतं आणि लाल दिवा लावून मोकळं होतं. परवा माशीच्या घाणीलासुद्धा कॅन्सर म्हणालं."

एरवी या विनोदावर मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी मी नुसतं "बरं" म्हटलं आणि माझ्या टेबलाशी येऊन बसले.

मी काचा बघते. लोकांना हे समजावून सांगता सांगता दमले, म्हणून हल्ली नुसतं 'लॅबमध्ये आहे' म्हणते. बाईच्या गर्भाशयाच्या तोंडाशी छोटा ब्रश फिरवून आलेल्या पेशी काचेवर पसरतात, रंगवतात, आणि ती काच माझ्याकडे येते. एका काचेवर हजारो पेशी. त्यात बिघडलेल्या दहा असतील, चार असतील, बहुतेक वेळा एकही नसेल. नंबराची बाजू उजवीकडे ठेवून मी काच मायक्रोस्कोपखाली सरकवते आणि वरून खाली, खालून वर, नांगर फिरवल्यासारखी सगळी फिरून येते. संशय आला की त्या जागेशेजारी शाईचा ठिपका. मग डॉक्टर येतात, ठिपका शोधतात, तेवढीच जागा बघतात आणि सही करतात. ठिपका नाही, तर काच स्वच्छ आणि बाई घरी. डॉक्टरांची पाटी दारावर असते, बाईचं नाव रिपोर्टवर असतं, माझा फक्त ठिपका असतो. यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. निदान मी तसं सांगत असे.

ठिपकी लॅबमध्ये आली तेव्हा बावीस वर्षांची होती आणि तिला सर्दी झालेली होती. आजही तिची आठवण आली की आधी तिचं नाक ओढणंच कानात येतं. पहिल्या महिन्यात तिनं प्रत्येक काचेवर वीस-वीस ठिपके दिले. साधी सुजलेली पेशी दिसली, दे ठिपका. सुरकुतलेली दिसली, दे ठिपका. सही करणाऱ्या आमच्या डॉक्टरीणबाई वैतागून म्हणाल्या, हिला गोवर झालाय की काचेला? मीच तिचं नाव ठिपकी ठेवलं, आणि ते असं चिकटलं की पगारपत्रक सोडलं तर तिचं खरं नाव कुठेच उरलं नाही. चार वर्षं ती माझ्या उजव्या हाताला बसली. दोन तोंडांचा मायक्रोस्कोप होता, एकीकडे मी, एकीकडे ती, आणि काच फिरवणारा हात माझा. मी पेशीपाशी थांबले की ती थांबायची, मी पुढे गेले की तीही जायची. ती सारखी विचारायची, "कशावरून, ताई? ही वाईट आणि ती चांगली, कशावरून?" मी म्हणायचे, चेहरा बघायचा. माणूस खोटं बोलतोय हे कळतं ना, तसं. तिला ते पुरायचं नाही. ती वहीत आकडे मांडायची, केंद्रक किती, भोवतालची जागा किती, कड किती वेडीवाकडी. मला हसू यायचं. स्वयंपाक शिकायला आली आणि तराजू घेऊन बसली, असं मी एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते. तीही हसली होती.

मग ती पुढे शिकायला गेली. सहा वर्षांत तिनं एक डबा बनवला. जेवणाच्या डब्याएवढाच, वर मोबाईल बसवायला खाच, आत एक भिंग आणि दिवा, जे मोडलेल्या खेळण्यांतूनही निघेल इतकं साधं. गावातल्या आरोग्यसेविकेनं काच आत सरकवायची, नऊ मिनिटं थांबायचं. हिरवा दिवा म्हणजे काही नाही, लाल म्हणजे बाईला मोठ्या दवाखान्यात पाठवा. एका डब्याची किंमत एका प्रेशर कुकरएवढी. जिथे डॉक्टर सोडा, वीजही मनात येईल तेव्हा येते, तिथे दहा वर्षं आधी कॅन्सर पकडणार. पेपरात अर्ध्या पानावर तिचा फोटो आला, डबा छातीशी धरलेला. आणि बातमीत तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं: 'अनुभवी तंत्रज्ञांनी तपासलेल्या चार हजार काचांच्या आधारे यंत्राला पेशी ओळखायला शिकवण्यात आले.' अनुभवी तंत्रज्ञांनी. अनेकवचन. त्या चार हजारांतल्या साडेतीन हजार तरी माझ्या होत्या. कुठे बघायचं हे त्या डब्याला माझ्या ठिपक्यांनी सांगितलं होतं. म्हणजे डोळा माझा आणि फोटो तिचा.

नवरा बस चालवायचा, आता घरी असतो. त्यानं ती बातमी कात्रीनं नीट कापली आणि फ्रिजवर लावली. "पोरीनं नाव काढलं हं," म्हणाला. "तुझीच ना ती? सर्दीवाली?" मी हो म्हटलं. पाणी प्यायला फ्रिज उघडायचा म्हणजे आधी तिचं तोंड बघायचं, असे मग तीन आठवडे गेले. मला मत्सर वाटत होता. हे मी आज सरळ सांगते, तेव्हा सांगत नव्हते. तेव्हा मी म्हणायचे की यंत्राला काय कळतंय, की उद्या काही झालं तर जबाबदार कोण, की पोरगी हुशार आहे पण घाई फार. कानामागून आली आणि तिखट झाली, एवढंच म्हणायचं होतं मला. तिच्या सत्काराला सगळी लॅब गेली. मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले, आणि खरोखर डोकं दुखायला लागलं. संध्याकाळी तिचाच फोन आला. "ताई, तुमची खुर्ची पहिल्या रांगेत ठेवली होती." किती गोड बोलावं माणसानं? मला वाटलं, हिनं एकदा तरी उर्मट वागावं, म्हणजे मला हिच्यावर रीतसर चिडता येईल.

त्यात आणखी एक सल होता, जो मी कुणाला बोलले नव्हते. एकदा चहा पिताना, ती लॅबमध्ये होती तेव्हा, मी डोळे चोळत म्हणाले होते, "असं एखादं यंत्र काढा बाई कुणीतरी, जे दमत नाही." हे मी म्हणाले होते. कप निळा होता, खिडकी उघडी होती, आणि ती काहीतरी खात होती ती चावायची थांबली. हे तिचं थांबणं मला स्वच्छ आठवतं. की ते मी नंतर तिथे बसवलं, कोण जाणे. पण पेपरातल्या मुलाखतीत 'कल्पना कशी सुचली?' याला तिनं एका लांबच्या गावातल्या बाईची गोष्ट सांगितली होती. मी कुठेच नव्हते. मी ती मुलाखत चारदा वाचली. चौथ्यांदा वाचताना मला माझीच लाज वाटली, आणि तरी मी पाचव्यांदा वाचली.

तर ठिपके पुसले जात होते त्याच दिवशी, दुपारी जेवणानंतर, डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. त्यांनी एक काच माझ्यापुढे ठेवली, खाली एक घडी घातलेली चिठ्ठी.

"सहा महिन्यांपूर्वी चाचणीच्या शिबिरात काढलेली काच आहे. मशीननं हिरवा दिवा दिला होता. ती बाई काल अंगावरून जातंय म्हणून इथे आली. मी जुनी काच मागवून घेतली. आहेत पेशी त्यात. मशीननं हुकवलंय." त्यांनी चष्मा काढला. "सोमवारी दोनशे डबे गावोगावी निघतायत. ठिपकीशी बोलायच्या आधी म्हटलं तुमचा डोळा फिरू दे एकदा. चिठ्ठीत जागा लिहिलीय, पण आधी तुमचं तुम्ही बघा."

मी काच उचलली तेव्हा माझा हात हलका झाला होता. खोटं कशाला बोलू, आनंद झाला होता. दोनशे डबे! आणि मोबाईलला काय दिसणार आहे चेहरा! टेबलाशी बसताना मी तिच्याशी काय बोलायचं तेही ठरवून टाकलं, सौम्यपणे, मोठ्या माणसासारखं. अगं, घाई केलीस. मी म्हणतच होते. मग मी काच सरकवली आणि बघायला लागले. वरून खाली, खालून वर. काही नाही. चांगल्या, निरोगी, गुलाबी-निळ्या पेशी. पुन्हा सुरुवातीपासून, सावकाश. काही नाही. मी डोळे मिटून शंभर मोजले, नवीन माणसाला सांगते तसं. तिसऱ्यांदा बघितलं आणि तिसऱ्यांदाही ती काच स्वच्छ होती. मी ठिपका न देता ती बाजूला ठेवली असती, आणि बाई घरी. तेव्हा मी चिठ्ठी उघडली. डॉक्टरीणबाईंच्या घाईच्या अक्षरात दोनच शब्द होते: डावी कड.

डाव्या कडेला मी जाऊन आले होते. तीनदा. असं मला वाटत होतं. मी नॉब फिरवून काच कडेकडे नेली आणि हात थांबला. नेहमी थांबतो तिथे. मी हाताकडे बघितलं. डोळा मायक्रोस्कोपवरून काढून मी माझ्याच उजव्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसं बघत बसले. अंगठा आणि तर्जनी नॉबवर होती आणि ती आणखी फिरायला तयार नव्हती. नॉब अडकलेला नव्हता, तो मोकळा होता. मी जोर लावला, म्हणजे हातालाच लावला, आणि काच पुढे सरकली. काडेपेटीच्या दोन काड्या शेजारी ठेवाव्यात तेवढी जागा बाकी होती. त्या पट्टीत त्या बसल्या होत्या. आठ-दहाजणींचा पुंजका, केंद्रकं काळी, मोठी, कड फाटल्यासारखी. पहिल्या वर्षाच्या मुलीलाही कळलं असतं.

मी नोकरीला लागले तेव्हा मला लॅबमधला सगळ्यात जुना मायक्रोस्कोप दिला होता. त्याचा स्टेज, म्हणजे काच ठेवायची सरकती पट्टी, डावीकडे शेवटपर्यंत जायचाच नाही. दोन काड्यांएवढं राहिलं की कट्ट करून अडकायचा. मी तक्रार केली होती, मी तेव्हा तक्रारी करायचे. तेव्हाचे मोठे डॉक्टर म्हणाले, कडेला काय असतं, मधलं बघ. मी म्हणाले, नाही सर, अशाने राहून जाईल. आणि रोज काच उलटी फिरवून ती पट्टी वेगळी बघायचे. महिनाभर बघितली असेल. दिवसाला साठ काचा असतात. मग कधीतरी ते सुटलं. चार वर्षांनी नवीन मायक्रोस्कोप आला, लोण्यासारखा फिरणारा, आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. हाताला कुणी सांगितलंच नाही की आता अडकत नाही. बावीस वर्षं तो तिथेच थांबतोय. आणि डॉक्टर फक्त ठिपके बघतात, आणि जिथे मी जात नाही तिथे ठिपका नाही. दुसऱ्या नजरेसाठी दहातली एक काच शेजारच्या टेबलावर जायची, आणि त्या टेबलावर बसलेल्या मुलींना शिकवलं होतं कोणी?

तरी मनातून एक वकील उठलाच. म्हणाला, एका काचेवरून काय ठरतं? मी रेकॉर्डच्या खोलीत गेले. रेकॉर्डवाला जेवायला गेला होता. अजून न पुसलेला एक ट्रे होता, त्यात शंभर काचा एकीखाली एक. नंबर सगळे उजवीकडे, माझा नियम. मी ट्रे खिडकीशी नेऊन तिरपा धरला. एकेका काचेत काही कळलं नसतं. शंभर काचांत ते भांगासारखं दिसत होतं: मधे आणि उजवीकडे निळे ठिपके, आणि डावीकडे वरपासून खालपर्यंत एक कोरी, सरळ, स्वच्छ पट्टी. त्या यंत्रानं अशा चार हजार काचा बघितल्या होत्या. त्याला जे शिकवलं ते ते शिकलं. डावीकडे वाईट काही नसतंच, असं त्याला मीच सांगितलं होतं. हुकलं ते यंत्र नव्हतं, मी होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मी ट्रे जागेवर ठेवला. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन म्हणाले, "बघितलं. आहेत पेशी." त्या म्हणाल्या, "म्हणजे मशीनचाच दोष." मी म्हणाले, "हो." हे हो म्हणायला मला काही वेळ लागला नाही.

घरी जाताना बसमध्ये मी हिशोब मांडत होते आणि तो दर वेळी माझ्याच बाजूने सुटत होता. गप्प राहिलं तर यंत्र बदनाम होईल, डबे परत जातील, फ्रिजवरचं कात्रण पिवळं पडेल. कुणी शंभर काचा उजेडाला धरून बघणार नाही. पाच महिन्यांनी माझा निरोप समारंभ. एक घड्याळ, एक भाषण, इतक्या वर्षांत एकही चूक नाही. बोललं तर माझं नाव जातं आणि तिचं यंत्र सुधारतं. म्हणजे सव्वीस वर्षांचं चांगलं ते तिला दिलंच होतं, आता वाईटही माझ्याच हाताने नेऊन द्यायचं, म्हणजे त्यावर पाय देऊन ती आणखी वर चढेल. आणि डॉक्टरीणबाईंचं कोणी ऐकलं नाही तर? डबे निघालेच तर? मग दोनशे डब्यांत माझा हात बसलेला असेल, दोनशे जागी थांबणारा. हा विचार आला की मी खिडकीबाहेर बघायचे आणि दुकानांच्या पाट्या वाचायचे.

जेवताना मी नवऱ्याला म्हणाले, "ठिपकीच्या मशीननं एक बाई हुकवली." माझ्या आवाजात काहीतरी असणार, कारण त्यानं मान वर केली.

"अरेरे," तो म्हणाला. मग घास गिळून, "कशी आहे ती बाई?"

"कोण बाई?"

"अगं, जी हुकली ती."

मी विचारलंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी काच दिली, चिठ्ठी दिली, दोनशे डबे सांगितले. काल आलेल्या त्या बाईचं पुढे काय झालं, ती भरती आहे की घरी पाठवली, वय काय, बरोबर कोण होतं, यातलं काही मी विचारलं नव्हतं. "माहीत नाही," मी म्हणाले. त्यानं माझ्या ताटात भाजी वाढली.

शनिवारी दुपारी मी ठिपकीच्या कारखान्यात गेले. कारखाना कसला, सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जमिनीवर खोके, खोक्यांत डबे, आणि मधोमध ती, चिकटपट्टी दातांनी तोडत. मला बघून उठली आणि नाक ओढलं. बत्तीस वर्षांची झाली तरी सर्दी तीच.

"ताई! तुम्ही? बसा ना. खुर्ची... थांबा, खुर्चीवर डबे आहेत."

"मी उभीच बरी आहे." मी वाक्य बसमध्ये तयार केलं होतं, ते घाईने म्हणून टाकलं. "तुझं मशीन डावी कड बघत नाही. कारण मी बघत नाही. बावीस वर्षं. माझ्या काचांवर त्या पट्टीत एकही ठिपका नाही. तू उजेडाला धरून बघ."

तिनं चिकटपट्टी खाली ठेवली. मी वाट बघत होते तिचा चेहरा पडायची. खरं सांगायचं तर एवढ्यातही मला ते बघायचं होतं. तो पडला नाही.

"मला माहीत आहे, ताई," ती हळूच म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"पट्टीचं. दोन महिने झाले. फोटो एकावर एक ठेवून बघत होते, ठिपके कुठे कुठे येतात ते. तेव्हा दिसलं. मशीनला नव्यानं शिकवलंय मी. हे डबे," तिनं हात फिरवला, "हे बघतात कड. परवाची काच मी यात घालून बघितली, लाल आला. सकाळीच डॉक्टरांना सांगून आले. फक्त कारण नाही सांगितलं त्यांना."

कल्पना तिची, यंत्र तिचं, फोटो तिचा. एक चूक तेवढी माझी होती, स्वतः शोधलेली, जीव मुठीत धरून उचलून आणलेली, आणि तीसुद्धा हिला आधीच सापडली होती! "मग मला का नाही बोललीस?" मी ओरडले. "दया येते माझी? पाच महिने राहिलेत म्हातारीचे, जाऊ दे, असं?"

"तसं नाही हो, ताई."

"मग कसं?"

तिनं खुर्चीवरचे डबे एकेक करून खाली ठेवले. "माझाही हात तिथेच थांबतो," ती म्हणाली. "चार वर्षं मी तुमच्याबरोबर फिरवलाय तो. मी काय तोंडानं बोलणार तुम्हाला? म्हणून ठिपके पुसून घेतेय. चार हजारांच्या कडा मशीनकडून परत तपासून घेतल्या. फोटोंवरून झालं बरंचसं, पुसून खात्री करतेय." मग एका दमात, "अकराजणी निघाल्या. आठ तुमच्या, तीन माझ्या. सातजणींना बोलावून घेतलं, बहुतेक लवकरचंच आहे, छोट्याशा उपचारानं निभावलं. दोघी गेल्यात. दोघींचा पत्ता लागत नाही. त्या दोघी तुमच्या काचांमधल्या."

दोघी गेल्यात, हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: हिच्या तीन, माझ्या आठ. इथेही ती पुढे. दुसरा विचार यायला किती वेळ लागला मला माहीत नाही. तो आला तेव्हा मी रिकाम्या खुर्चीवर बसलेली होते आणि तिनं माझ्या हातात पाण्याचा पेला दिला होता. खाली सायकलवाला कुठल्यातरी चाकात हवा भरत होता.

"पत्ते दे," मी म्हणाले.

"सोमवारी डबे गेले की मी स्वतः निघणार आहे शोधायला."

"दे म्हटलं ना."

रविवारी सकाळी आठलाच मी घराबाहेर पडले. मोठं पश्चात्तापाचं पाऊल म्हणून कुणी याकडे बघू नये. मला ठिपकीच्या आधी पोहोचायचं होतं, बस. पहिल्या पत्त्यावर दुसरंच कुटुंब होतं आणि त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या पत्त्यावर कुलूप होतं, पण शेजारच्या म्हाताऱ्यानं सांगितलं, ती होय, ती बेकरीच्या गल्लीत राहायला गेली, वरचा मजला. त्यानं फोनही करून ठेवला, की हॉस्पिटलच्या बाई येतायत. मी जिने चढले. दार उघडंच होतं. चाळिशीची एक बाई इस्त्री करत होती, लोकांचे शर्ट असावेत, ढीग होता. मला बघताच तिनं इस्त्री उभी केली, शर्ट बाजूला केले आणि मला पलंगावर बसवलं. मी तिच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत काचेपलीकडची बाई मी कधी बघितली नव्हती. हिच्या कपाळावर घाम होता आणि एक दात पुढे होता.

"रविवारच्या आलात हो," ती म्हणाली. "स्वतः. एवढे जिने चढून. आम्हाला कोण विचारतंय नाहीतर? तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय." ती मनापासून बोलत होती. असं मला उभ्या जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. ते ऐकायला किती बरं वाटतं हे मला तेव्हा कळलं, आणि क्षणभर, अगदी एक क्षण, मी ते नुसतं ऐकत बसले.

"तीन वर्षांपूर्वी तुमची तपासणी झाली होती," मी म्हणाले. "काहीच नाही असा रिपोर्ट दिला होता. तो चुकला होता. काच मी बघितली होती. मी काचेची एक कड बघितली नाही, आणि त्या कडेला होतं."

ती उभी होती ती हळूच शर्टांच्या ढिगावर बसली. इस्त्री केलेलेच शर्ट होते ते. "म्हणजे मला आहे का?"

"माहीत नाही. तेव्हा सुरुवात होती. याला वर्षं लागतात, बहुतेक वेळ असतो हातात. पण आता थांबायचं नाही. आजच परत बघायला हवं."

तिनं माझ्याकडे बघितलं. शिवी देईल असं वाटलं, दिली असती तर बरं झालं असतं. मग तिनं विचारलं, "तुम्हीच बघाल ना?"

का विचारलं तिनं असं, देव जाणे. कदाचित तिच्या ओळखीची मी एकटीच होते. हो म्हटलं असतं तर ती माझ्यामागून निमूट आली असती.

"नाही," मी म्हणाले. "माझ्यापेक्षा नीट बघणारी आहे एकजण. तिच्याकडे नमुना घ्यायला नर्सही असते. मी नेते तुम्हाला."

"आणि ती पण चुकली तर?"

"तिला चूक सापडते," मी म्हणाले.

ती उठली. तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं, आणि चुरगळलेल्या शर्टांकडे एकदा बघून, किल्ली कुठे ठेवलीय ते शोधायला लागली.